रविवारची उपासना सोमवारी कुठे जाते?

कंदील (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. हा धागा काढावा की नाही यावर बरेच दिवस विचार केला. मग वाटलं, इथे नाही बोलायचं तर कुठे बोलायचं.

गेली अकरा वर्षं मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गायनमंडळात गातो. रविवारी आधी तासभर सराव, मग उपासना, मग थांबून पुढच्या रविवारच्या गीतांची निवड. मला हे मनापासून आवडतं. गाताना कधी डोळ्यांत पाणी येतं ते खोटं नसतं, एवढं मी स्वतःपुरतं खात्रीने सांगू शकतो.

दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी ऑफिसात एका हिशेबात चूक निघाली. तो कागद माझ्या हाताखालच्या मुलाने तयार केला होता, पण तपासून पुढे पाठवणारा मी होतो. साहेबांनी विचारल्यावर मी मेल लिहिला, 'संबंधिताला समज दिली आहे, पुन्हा असं होणार नाही.' कागद मी तपासला होता ही गोष्ट त्यात कुठेच नव्हती. एकही शब्द खोटा नव्हता आणि अख्खा मेल खोटा होता. पाठवण्याचं बटण दाबलं आणि माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतोय. आदल्या दिवशी गायलेलं स्तुतिगीत.

त्या गुणगुणण्याने मला हादरवलं. गाणं थांबवून मी लबाडी केली असती तर निदान आत कुठेतरी बोचतंय असं म्हणता आलं असतं. पण दोन्ही सुखाने एकत्र चालू होतं. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात (३:१०) एकाच तोंडातून आशीर्वाद आणि शाप निघतात म्हणून जी खंत आहे, ती मी किती वेळा वाचली असेल. ती माझ्याबद्दल आहे असं कधी वाटलं नव्हतं.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायाची सुरुवात सगळ्यांना पाठ असते. आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या, हीच तुमची खरी उपासना. पौलाने तिथे गीत, वेदी, सभा यांतलं काहीच म्हटलेलं नाही. शरीर म्हटलंय. म्हणजे मेल लिहिणारी बोटंसुद्धा आलीच.

तर प्रश्न असा आहे. उपासना रोजच्या जगण्यात उतरावी म्हणून तुम्ही प्रत्यक्षात काय करता? मला प्रवचन नकोय, तुमचं जगणं ऐकायचंय. कुठे जमलं, कुठे फसलं, तेही लिहा.

पानगळ

कंदीलदादा, धागा काढलात ते फार बरं केलंत. आधी फसलेलं सांगते.

लग्नाआधी मी पहाटे पाचला उठून तासभर वचन आणि प्रार्थना करायचे. मार्क १:३५ भिंतीवर लावलं होतं, येशू पहाटेच्या अंधारात उठून एकांतात गेला ते. पहिल्या मुलाच्या वेळी तो तास अर्ध्यावर आला, दुसऱ्याच्या वेळी संपलाच. पुढची दोन वर्षं मी देवापासून तोंड लपवून वावरले. प्रार्थनेला बसले की आधी कालची न झालेली प्रार्थना आठवायची, मग परवाची. हप्ते थकलेल्या माणसासारखी अवस्था होती. शेवटी बसणंच सोडलं.

त्यातून बाहेर काढलं ते बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६व्या अध्यायाने. देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोल, असं तिथे सांगितलंय. मी हे शंभरदा वाचलं असेल. एका रात्री धाकट्याला थोपटताना जाणवलं की या चारांतली एकही गोष्ट वेगळा वेळ मागत नाही. बसणं, चालणं, निजणं, उठणं माझं चालूच होतं.

मग मी प्रार्थनेसाठी वेळ शोधणं सोडलं आणि कामं शोधली. मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधताना त्या मुलासाठी दोन वाक्यं, त्याला ऐकू येतील अशी. कपड्यांच्या घड्या घालताना ज्याचा कपडा त्याचं नाव. यात सासूबाईही आल्या. त्यांच्याशी माझं तेव्हा अजिबात पटत नव्हतं. ज्या बाईची साडी रोज तिचं नाव घेऊन घडी करायची, तिच्याशी दुपारी तोडून बोलणं हळूहळू जड जायला लागलं. घरात चमत्कार वगैरे काही झाला नाही. माझा आवाज खाली आला, इतकंच.

मोठा आता आठ वर्षांचा आहे. नाड्या स्वतः बांधतो आणि ती दोन वाक्यंही स्वतःच म्हणतो.

खडूफळा

धागा चांगला आहे, पण एक काळजी मांडतो. विरोधासाठी विरोध नाही.

'सगळं जीवनच उपासना' हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत फार ऐकलं. ते म्हणणाऱ्या माझ्या ओळखीच्या तिघांनी आधी रविवारी येणं कमी केलं, मग बंद केलं. विचारलं की म्हणायचे, देव काय फक्त त्या इमारतीत आहे का? नाही, इमारतीत नाही. पण आज ते तिघंही ना इमारतीत प्रार्थना करतात, ना घरी. सगळंच उपासना म्हटलं की त्यातली एकही गोष्ट ठरवून करायची गरज उरत नाही.

इब्रीकरांस पत्रात (१०:२५) एकत्र मिळणं सोडू नका असं स्पष्ट म्हटलंय, आणि काहींची तशी सवयच आहे अशी टोचणीही आहे. म्हणजे हा रोग पहिल्या शतकापासूनचा आहे. प्रेषितांची कृत्ये २:४६ मध्ये पहिले विश्वासी दररोज मंदिरात जमत आणि घरोघरीही भाकर मोडत. त्यांनी घर आणि मंदिर यांत निवड केली नव्हती.

नवरा बायकोला म्हणाला की मी दिवसभर घरासाठीच राबतो, मग तुझ्याशी वेगळं बोलायला कशाला हवं, तर राबणं खरं असूनही त्या घरात काहीतरी बिघडलंय हे आपल्याला कळतं. देवाबरोबर आपण हेच करू नये, एवढंच म्हणणं.

कंदील

@खडूफळा, पटलं. माझी गोष्ट नेमकी उलटी आहे. मी रविवार कधीच सोडला नाही. रविवारच्या आड लपलो. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोहोचतात असं तुमचं वाचून वाटलं.

@पानगळ, घड्यांचं वाचून थोडा वेळ काहीच लिहावंसं वाटेना.

मूळशब्द

थोडं शब्दांबद्दल लिहितो. अभ्यास जेमतेम आहे, पण या विषयात शब्दच अर्धं काम करतात.

इब्री भाषेत 'आवोदा' असा शब्द आहे. त्याचा अर्थ काम, चाकरी आणि देवाची उपासना, तिन्ही. हे ताणून काढलेलं नाही, शास्त्रात तो असाच फिरतो. उत्पत्ती २:१५ मध्ये देव माणसाला बागेत ठेवतो, तिची मशागत आणि राखण करायला. 'मशागत' जिथे आहे तिथे याच धातूचं क्रियापद आहे. गणना ३:७-८ मध्ये लेवी, म्हणजे उपासनेच्या सेवेला नेमलेल्या वंशातली माणसं, निवासमंडपात (उपासनेच्या तंबूत) जी सेवा आणि राखण करतात, तिथे हीच क्रियापदांची जोडी पुन्हा येते. म्हणजे मातीत हात घालणारा पहिला माणूस आणि मंडपात सेवा करणारा लेवी यांच्या कामाला शास्त्र एकाच शब्दाने हाक मारतं.

निर्गम या पुस्तकात तर हा शब्द अंगावर येतो. पहिल्या अध्यायात मिसरी लोक इस्राएलांना माती-विटांच्या कामात पिळून काढतात, ती 'आवोदा'. पुढे मोशे मिसरच्या राजाला, फारोला, देवाचा निरोप सांगतो, माझ्या लोकांनी माझी सेवा करावी म्हणून त्यांना जाऊ दे. तिथेही तोच धातू. सगळी झुंज या एका प्रश्नावर आहे, ही माणसं राबणार कोणासाठी? सुटका झाली म्हणजे ते रिकामे झाले असं नाही. त्यांचा धनी बदलला. आणि नव्या धन्याने सातवा दिवस विश्रांतीचा दिला, जो फारोने कधीच दिला नसता.

नव्या करारात ग्रीक शब्द दोन. एक 'प्रोस्कुनेओ', वाकून, गुडघे टेकून नमन करणं. योहानाच्या ४थ्या अध्यायात विहिरीवरची शोमरोनी स्त्री विचारते की नमन या डोंगरावर करायचं की यरुशलेमात, तिथे हा आहे. दुसरा 'लात्रेइया', म्हणजे सेवा. रोम १२:१ मध्ये हा आहे, म्हणून मराठी भाषांतरांत कुठे 'सेवा' दिसेल तर कुठे 'उपासना'. दोन्ही बरोबर.

मला हे दोन शब्द मिळून खडूफळांच्या शंकेचं उत्तर वाटतात. गुडघे टेकणं वेगळं आणि राबणं वेगळं, शास्त्र दोन्हींसाठी शब्द राखून ठेवतं. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असं कुठे म्हटलेलं नाही.

जाता जाता, जखऱ्याच्या पुस्तकाची शेवटची दोन वचनं (१४:२०-२१) जरूर वाचा. महायाजकाच्या मंदिलावरच्या सोन्याच्या पट्टीवर 'परमेश्वराला पवित्र' असं कोरलेलं असे. जखऱ्या म्हणतो, एक दिवस येईल तेव्हा ते शब्द घोड्यांच्या घंटांवर असतील, आणि घराघरातलं प्रत्येक भांडं मंदिरातल्या भांड्याइतकं पवित्र असेल. घोड्यांच्या घंटा! मला हे वचन फार प्रिय आहे.

रात्रपाळी

मूळशब्द, भांड्यांवरून आठवलं. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठाच्या नियमावलीत ३१वा अध्याय कोठारं सांभाळणाऱ्या साधूबद्दल आहे. त्याने मठातली सगळी भांडी आणि सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं मानावं असं तिथे सांगितलंय.

मी परिचारिका आहे, बहुतेक रात्रपाळी. रविवारी सकाळी सुटते तेव्हा डोळे उघडे राहत नाहीत, त्यामुळे महिन्यातले दोन रविवार तरी उपासनेला जाता येत नाही. आधी याचं फार ओझं वाटायचं.

मला आधार मिळाला तो ब्रदर लॉरेन्सच्या आयुष्याचा. सतराव्या शतकातला माणूस. आधी सैनिक, लढाईत पायाला कायमची दुखापत झालेला, नंतर पॅरिसच्या कार्मेली मठात साधा बंधू. नेमणूक कुठे, तर स्वयंपाकघरात, आणि त्याला त्या कामाची मुळात आवड नव्हती. पुढे पायताणं दुरुस्त करायचा. १६९१ मध्ये वारला. विद्वत्ता नाही, पद नाही. प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळेत आणि भांड्यांच्या आवाजात आपल्याला देवाच्या सहवासात फरक वाटत नाही असं तो सांगायचा. त्याला तिथे पोहोचायला पुष्कळ वर्षं लागली, मधली बरीच वर्षं कोरडी गेली, हे मात्र लोक सांगायचं विसरतात.

माझं काम म्हणजे अंग पुसणं, कूस बदलणं, सलाईन बघणं. दर रुग्णाआधी आणि नंतर हात धुवावे लागतात, रात्रीतून कितीतरी वेळा. ती वीस-तीस सेकंदं मी देवाला देऊन टाकली. हात धुताना त्या खाटेवरच्या माणसाचं नाव घ्यायचं आणि जायचं. शब्द सुचले तर सुचले.

पण एक सांगते, यात गोड गोड काही नाही. पहाटे चारला एखादे आजोबा सहाव्यांदा घंटी वाजवतात तेव्हा माझ्या मनात जे येतं ते कोणत्याही गीतपुस्तकात नसतं. एकदा मी एका आजींवर ओरडले. त्या घाबरून गप्प झाल्या. त्यांची क्षमा मागितली, त्यांनी हात धरून ठेवला. माझी त्या रात्रीची उपासना कुठली असं कोणी विचारलं तर मी क्षमा मागितली तीच म्हणेन.

आणि झोप. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, खायला देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. देवाची भेट होते तो होरेबचा डोंगर त्यानंतर. रविवारी दुपारी झोपताना मी आता अपराधी वाटून घेत नाही.

चौथा_मजला

सगळं वाचतोय. मला एक कडू बाजू लिहावी लागेल.

'जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा.' कलस्सै ३:२३. एका ख्रिस्ती संस्थेत मी सहा वर्षं होतो. हे वचन तिथे दारावर होतं. आठ तासांचे बारा व्हायचे. पगार दोन-दोन महिने लांबायचा. विचारलं की उत्तर यायचं, 'भाऊ, आपण पगारासाठी करतो का?' माझ्या बायकोने तिचे दागिने मोडले तेव्हा मी नोकरी सोडली. त्यानंतर 'काम हीच उपासना' हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. आजही हा धागा उघडताना आला.

कोणाला दुखवायचं नाही. पण हे लिहिल्याशिवाय तुमच्या चर्चेत बसता येईना.

मूळशब्द

@चौथा_मजला, तुम्ही लिहिलंत हे फार महत्त्वाचं आहे.

त्या दारावर अर्धंच वचन लावलं होतं. कलस्सै ३:२२ पासून पौल दासांशी बोलतोय, ज्यांना काम नाकारायची सोय नव्हती अशा माणसांशी. तुमची किंमत धन्याच्या नजरेत ठरत नाही, तुम्हाला वतन देणारा वेगळा आहे, असा तो त्यांना धीर देतोय. आणि लगेच ४:१ मध्ये धन्यांकडे वळतो, दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. ३:२३ हाताखालच्यांना ऐकवायचं आणि ४:१ स्वतः वाचायचं नाही, हा फारोचा हिशेब झाला.

याकोब ५:४ तर आणखी कडक आहे. अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे.

रात्रपाळी

@चौथा_मजला, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

मेंढवाडा

मी एका छोट्या मंडळीचा पाळक (पास्टर) आहे. इथे सहसा फक्त वाचतो, आज लिहितो.

चौथा मजला यांच्या अनुभवाबद्दल आधी एक पाळक म्हणून क्षमा मागतो. त्या दारावरची पाटी आमच्यासारख्यांनीच लावलेली असते.

या धाग्यात मला एक सूर थोडा सुटल्यासारखा वाटतोय. उपासनेत रोजच्या जगण्याची 'भर' घालायची असं आपण बोलतोय, म्हणजे मूळ उपासना रविवारची आणि बाकी जोडकाम. संदेष्टे असं बोलत नाहीत. आमोस ५:२१-२४ काढा. देव म्हणतो, तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. हे मूर्तिपूजकांना नाही सांगितलेलं, व्यवस्थित अर्पणं आणणाऱ्यांना सांगितलंय. यशया ५८ मध्ये उपास करणारे तक्रार करतात की आम्ही उपास केला आणि देवाने पाहिलंच नाही. उत्तर मिळतं, उपासाच्याच दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना पिळता.

येशूचं मत्तय ५:२३-२४ मधलं सांगणं तर अगदी थेट आहे. तू अर्पण घेऊन वेदीपाशी आला आहेस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग येऊन अर्पण कर. ऐकणारे गालीलातले होते. वेदी यरुशलेमात, पायी काही दिवसांची वाट. अर्पण वेदीपुढे ठेवून परत जायचं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं कळलं असणार.

आणि 'मग येऊन अर्पण कर' हे शब्द खडूफळांसाठी. प्रभू वेदी रद्द करत नाही. तिथे परत बोलावतो.

कंदील, तुम्ही विचारलंत, प्रत्यक्षात काय करायचं? मी तुमचा पाळक नाही, तेव्हा हे धाकट्याला थोरल्या भावाने सांगितल्यासारखं घ्या. तुमचा पहिला प्रतिसाद मी तीनदा वाचला. त्यात गुणगुणणं आहे, याकोब आहे, रोम आहे. त्या मुलाला तुम्ही काय सांगितलंत ते नाही.

कंदील

काहीच सांगितलेलं नाही.

दिवेलागण

कंदील, घाई करू नका आणि उशीरही करू नका. तुमच्यासाठी प्रार्थना करते आहे.

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझ्याकडच्या दोन गोष्टी मांडते. आमच्याकडे रोजच्या प्रहरांची प्रार्थना असते, प्रामुख्याने धर्मगुरू आणि साध्वींची, पण आम्ही साधी माणसंही म्हणू शकतो. मूळ फार जुनं आहे. दानीएल दिवसातून तीनदा यरुशलेमच्या दिशेच्या खिडक्या उघडून गुडघे टेकायचा (६:१०), आणि बंदीचा हुकूम निघाल्यावरही पूर्वीसारखाच टेकत राहिला. दिदाखे नावाचं मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं छोटं शिक्षणपुस्तक आहे, त्यात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं आहे. मी तेवढंच करते, सकाळी, दुपारी, दिवे लावताना. दुपारची बहुतेक वेळा जिन्यात होते.

दुसरी गोष्ट रात्रीची. इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी रोज विवेकपरीक्षण करायला शिकवलं. अंथरुणावर पडण्याआधी दिवस पुन्हा चालून यायचा, सकाळपासून. आधी आभार, मग कुठे देवाचं बोट धरून होते आणि कुठे सोडलं, मग क्षमा, मग उद्यासाठी एक मागणं. दहा मिनिटं. मला याचा फार उपयोग झाला, कारण मी दिवसभरात केलेली छोटी दुष्टाई संध्याकाळपर्यंत चक्क विसरून जायचे. चालून आल्यावर ती वाटेत तशीच पडलेली दिसते. सुरुवातीला मी फक्त चुका मोजायचे. फादरांनी सांगितलं, आभारांपासून सुरू कर, नाहीतर तो हिशेब होईल. त्यांचं खरं होतं.

कोरडी_विहीर

नाव बघून कळलंच असेल. लिहू की नको असं चाललं होतं.

माझं गेलं वर्षभर काहीच होत नाही. नाड्या बांधताना, हात धुताना, कशानेच नाही. वडील गेले तेव्हापासून. रविवारी जाते, उभी राहते, सगळे गातात, माझ्या तोंडातून आवाज येत नाही. मैत्रीण म्हणाली, विश्वासाने स्तुती कर, मन मागून येईल. केली. मन नाही आलं. उपासना ही जीवनशैली वगैरे ठीक आहे, पण ज्याला जगणंच जड झालंय त्याने काय करायचं?

पानगळ

ताई, जवळ असता तर येऊन बसले असते. नुसती बसले असते.

दिवेलागण

ताई, स्तोत्र ८८ काढून बघा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, 'तरीही मी तुझी स्तुती करीन' म्हणतात. हे वळत नाही. पहिल्या ओळीत देवाला हाक आहे आणि शेवट अंधारात होतो. आणि तरी ते स्तोत्रांच्या पुस्तकात आहे, उपासनेत गायच्या पुस्तकात. कोणीतरी ते तिथे ठेवलं आणि कोणी काढलं नाही. तुमच्या अवस्थेला देवाच्या घरात जागा आहे एवढं तरी त्यातून समजतं.

आणि आपले शब्द संपले की दुसऱ्याचे उसने घ्यावेत. आम्ही ठरलेल्या प्रार्थना म्हणतो त्यावर टीका होते, पण माझ्या आईच्या शेवटच्या आजारात मला त्यांनीच धरून ठेवलं. पूर्वेकडच्या मंडळ्यांत एकच वाक्य श्वासाबरोबर म्हणतात, 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' लूकच्या १८व्या अध्यायातल्या जकातदाराच्या हाकेवरून आलेलं. तेही जड वाटलं तर शेवटचे दोनच शब्द.

मेंढवाडा

कोरडी विहीर ताई, रविवारी तुम्ही गप्प उभ्या राहता तेव्हा बाकीचे तुमच्या वाटचंही गात असतात. मंडळी त्यासाठीही असते. रोम ८:२६ मध्ये म्हटलंय की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने मध्यस्थी करतो. तेव्हा तुमच्याकडून काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट काळजीने विचारतो. वर्षभर झोप, भूक, जगण्याची इच्छा यांवर परिणाम झाला असेल तर डॉक्टरांना दाखवलंत का? नसेल तर जरूर दाखवा. यात विश्वासाची कमतरता नाही. मी स्वतः एका वर्षी दाखवलं होतं आणि औषधही घेतलं होतं.

कोरडी_विहीर

नाही दाखवलं. बघते. ८८ वाचलं नव्हतं कधी.

खडूफळा

माझा आधीचा प्रतिसाद पुन्हा वाचला. ज्या तिघांबद्दल मी लिहिलं, त्यांना मी कधी भेटायला गेलो नाही. त्यांचं उदाहरण मात्र जिथे तिथे देत आलो. त्यांतल्या एकाचा नंबर अजून आहे. वाद घालायला नाही, सहज फोन करतो.

चौथा_मजला

@रात्रपाळी, बायकोला नमस्कार सांगितला. तिने धागा वाचायला घेतलाय. @मेंढवाडा, पाळकाने क्षमा मागितलेली मी पहिल्यांदा पाहिली. उत्तर काय द्यायचं सुचत नाही, पण वाचलं हे कळवतो.

कंदील

दहा दिवसांनी परत आलोय.

मेंढवाडा यांचा प्रश्न वाचल्यावर पुढच्या रविवारी मी गायनमंडळात उभा राहिलो नाही. प्रमुखांना सांगितलं की एक काम बाकी आहे, ते झालं की येतो. त्यांनी कारण विचारलं नाही, त्याबद्दल त्यांचा आभारी आहे. मागच्या बाकावर बसलो. अकरा वर्षांत प्रथमच गीतं समोरून ऐकली.

सोमवारी जायचं ठरवलं होतं. नाही गेलो. मंगळवारीही नाही. दोन्ही दिवस ऑफिसच्या दारात प्रार्थना केली आणि आत जाऊन गप्प बसलो. हे लिहायला लाज वाटते, पण दिवेलागण म्हणतात तसा दिवस चालून आलो की रात्री तीच जागा दिसायची. बुधवारी आधी मेल लिहिला, पहिला मेल ज्यांना ज्यांना गेला होता त्या सगळ्यांना. कागद मी तपासला होता, चूक माझ्या नजरेतून सुटली, समज मला मिळायला हवी होती. मग त्या मुलाच्या टेबलाशी गेलो. त्याने तोवर वाचला होता.

मी बरंच काही बोलायचं ठरवून गेलो होतो. 'माझं चुकलं, तुझ्यावर ढकललं' इतकंच निघालं. तो ख्रिस्ती नाही, आणि मी त्याला देवाबद्दल एक शब्दही बोललो नाही. तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, नेमकं कुठे चुकलं ते मला अजून कोणी दाखवलंच नाही. दाखवता?" खुर्ची ओढून बसलो. अर्धा तास लागला. एक बेरीज दोनदा धरली गेली होती.

साहेब अजून काही बोललेले नाहीत. पुढच्या महिन्यात मूल्यमापन आहे, तेव्हा कळेल.

या रविवारी गाणार आहे.

पानगळ

दादा, त्या मुलाचं नाव इथे लिहू नका, पण त्याच्यासाठी आणि तुमच्या मूल्यमापनासाठी आज घड्या घालताना थांबेन.

कोरडी_विहीर

शनिवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. काल रात्री ८८ मोठ्याने वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. वर्षभरात पहिल्यांदा त्या खोलीत माझा आवाज ऐकला. आज परत वाचणार आहे.